हार्बलडाउन ते सोंठी : रुग्णसेवेच्या एका परंपरेचा इतिहास

एखाद्या संस्थेच्या आयुष्याची पन्नास वर्षे पूर्ण झाली म्हणजे तिच्या सभासदांना कृतार्थता वाटावी, हे स्वाभाविकच आहे. जुन्या छायाचित्रांवरची धूळ झटकली जाते, पहिल्या कार्यकारिणीतील मंडळींची आठवण निघते, आणि परक्या मुलखात मराठी माणसांनी आपला गणेशोत्सव, आपले नाटक व आपली भाषा कशी जपली याचा वृत्तांत स्मरणिकेच्या पानांतून पुढच्या पिढीच्या हाती जातो. परंतु अशा प्रसंगी विचारी मनात एक प्रश्न उभा राहिल्यावाचून राहत नाही. संस्था टिकते ती नेमकी कशाच्या बळावर? वास्तूच्या, निधीच्या, संस्थापकाच्या नावाच्या, की आणखी कशाच्या?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासालाच विचारावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. त्यासाठी निवडलेल्या संस्था मात्र आपल्या मंडळासारख्या नाहीत. त्या आहेत रुग्णांना, विशेषतः कुष्ठरोग्यांना आसरा देणाऱ्या. त्यांतील पहिली नऊशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील एका टेकडीच्या उतारावर स्थापन झाली. शेवटची आपल्या नेहरूनगरहून सकाळी निघून रात्री परत येता येईल इतक्या अंतरावर, चांपा शहराजवळच्या सोंठी या खेड्यात आहे. ती उभारणारा मनुष्य मराठी होता आणि तो स्वतः कुष्ठरोगी होता. भिलाईत वर्षानुवर्षे राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक नसावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मठ आणि इस्पितळ

मध्ययुगीन युरोपात इस्पितळ या शब्दाचा अर्थ आजच्याहून निराळा होता. तेथे वैद्य असेच असे नाही, औषधे तर क्वचितच असत. वाटसरू, वृद्ध, निराधार आणि रोगी यांना निवारा, अन्न व प्रार्थनेचा आधार देणारे ते धर्मगृह असे. पुष्कळदा त्याला लागून एक लहान मठ असे. त्याला इंग्लंडात प्रायरी म्हणत, आणि त्याचा प्रमुख तो प्रायर. मठातील धर्मबंधूंनी प्रार्थना करावी, रुग्णांनीही आपल्या देणगीदारांसाठी प्रार्थना करावी, आणि देणगीदारांनी पुण्यसंचयाच्या अपेक्षेने धान्य, जमीन व पैसा द्यावा, अशी ती व्यवस्था होती. आपल्याकडील अन्नछत्र व धर्मशाळा यांच्यामागची कल्पना यापासून फार दूरची नाही.

कँटरबरीचा आर्चबिशप लॅनफ्रँक याने इ. स. १०८४ च्या सुमारास शहराच्या पश्चिमेस हार्बलडाउन येथे कुष्ठरोग्यांसाठी असे एक गृह स्थापले. टेकडीच्या उतारावर लाकडी झोपड्या आणि एक लहान चर्च, एवढेच त्याचे वैभव. अकराव्या शतकाच्या अखेरीपासून चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडात अशी तीनशेहून अधिक कुष्ठगृहे निघाली. त्यांतील हार्बलडाउन हे अगदी आरंभीचे होय.

या गृहांविषयी एक समज दीर्घकाळ रूढ होता. समाजाने कुष्ठरोग्यांना जिवंतपणीच मेलेले ठरवून गावाबाहेर कोंडून ठेवले, असे मानले जाई. अलीकडच्या संशोधनाने हे चित्र पुष्कळसे पालटले आहे. कुष्ठगृहे गावाबाहेर असत हे खरे. परंतु ती बहुधा रहदारीच्या रस्त्यालगत असत, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या दानावर ती चालत. तेथील रुग्ण परस्परांना बंधू व भगिनी म्हणत, नियमबद्ध जीवन जगत, आणि नियम मोडणाऱ्याला प्रसंगी बाहेर काढले जाई. म्हणजे ते स्थान केवळ शिक्षेचे नव्हते. इ. स. ११७९ मध्ये रोम येथे भरलेल्या धर्मपरिषदेने कुष्ठरोग्यांच्या वसतीला स्वतःचे चर्च, स्वतःचा धर्मगुरू व स्वतःचे दफनस्थान असण्याचा हक्क मान्य केला. भय आणि करुणा या दोन्ही भावना एकाच भिंतीत चिणलेल्या होत्या. कोणती विट कोणत्या भावनेची, हे सांगणे कठीण आहे.

हार्बलडाउनचे गृह लंडनहून कँटरबरीला जाणाऱ्या यात्रामार्गावर होते. आर्चबिशप टॉमस बेकेट याची इ. स. ११७० मध्ये हत्या झाली. त्या पातकाचे प्रायश्चित्त घेण्यास राजा दुसरा हेन्री इ. स. ११७४ मध्ये कँटरबरीला निघाला, तेव्हा तो वाटेत येथे थांबला आणि त्याने या गृहाला वार्षिक नेमणूक करून दिली. राजालाही पापक्षालनासाठी कुष्ठरोग्याच्या दाराशी थांबावे लागले, ही घटना त्या काळाच्या मनोवृत्तीवर प्रकाश टाकणारी आहे.

राहेरे : रुग्ण झालेला संस्थापक

दुसरे उदाहरण लंडनचे. पहिल्या हेन्रीच्या दरबारात राहेरे नावाचा एक मनुष्य होता. दरबारी मंडळींचे मनोरंजन करण्यात त्याचे आयुष्य जात होते, असे जुनी कथा सांगते. पुढे त्याला विरक्ती आली आणि तो रोमच्या यात्रेस गेला. तेथे तो तापाने आजारी पडला. आपण यातून वाचलो तर गरिबांसाठी इस्पितळ बांधू, असा नवस त्याने केला. तो वाचला, स्वदेशी परतला, आणि इ. स. ११२३ मध्ये लंडनच्या तटाबाहेर स्मिथफील्ड येथे त्याने संत बार्थोलोम्यूच्या नावे एक मठ व एक इस्पितळ अशा जुळ्या संस्था स्थापिल्या. मठाचा पहिला प्रायर तोच झाला.

पुढे चारशे वर्षे लोटली. इ. स. १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने इंग्लंडातील मठ बरखास्त करून त्यांची मालमत्ता जप्त केली. स्मिथफील्डचा मठ इ. स. १५३९ मध्ये संपला आणि त्याच्या चर्चचा मोठा भाग पाडला गेला. इस्पितळाचे उत्पन्नही धोक्यात आले. परंतु लंडन शहरात रस्त्यावर पडलेल्या रोग्यांचे करायचे काय, हा प्रश्न राजाज्ञेने सुटणारा नव्हता. नागरिकांनी विनंती केली आणि काही वर्षांतच त्याच हेन्रीला ते इस्पितळ नव्या सनदेने शहराच्या हवाली करावे लागले. शरीरातील रक्ताभिसरणाचा सिद्धान्त इ. स. १६२८ मध्ये मांडणारा विल्यम हार्वे याच इस्पितळात वैद्य होता. नऊशे वर्षांनंतर आजही ते त्याच जागी चालू आहे.

हार्बलडाउनचा शेवट निराळा झाला. चौदाव्या शतकानंतर इंग्लंडातून कुष्ठरोग हळूहळू ओसरला. रोगीच उरले नाहीत, तेव्हा त्या घरांत निराधार वृद्धांना आश्रय मिळू लागला. लॅनफ्रँकने बांधलेले ते लहानसे चर्च अजून उभे आहे आणि वृद्धांची घरेही तेथे आहेत.

या दोन कथांतून आपल्या मूळ प्रश्नाचे एक उत्तर मिळते. मठ गेला, इस्पितळ राहिले. रोग गेला, आश्रय राहिला. ज्या कामाची समाजाला गरज असते ते काम आपल्यासाठी नवे घर व नवे धनी शोधून घेते. ज्याची गरज संपते ते कितीही भक्कम दगडाचे असले तरी उभे राहत नाही.

बर्गेनचे शेवटचे दोन रुग्ण

युरोपच्या उत्तर टोकाला, नॉर्वेत, हा रोग मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकून राहिला. बर्गेन शहरातील संत यॉर्गेनचे कुष्ठगृह पंधराव्या शतकाच्या आरंभापासून चालू होते. त्याच शहरात डॉ. आर्माउअर हान्सेन यांनी इ. स. १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला. पूर्वजन्मीचे पाप, ईश्वरी कोप, कुळाचा दोष अशी जी कारणे हजारो वर्षे सर्व देशांत सांगितली जात होती, त्यांना या शोधाने शास्त्राच्या दरबारात तरी मूठमाती दिली. मध्ययुगात सुरू झालेले ते कुष्ठगृह इ. स. १९४६ मध्ये तेथील शेवटचे दोन रुग्ण निवर्तल्यावर बंद झाले. आज तेथे संग्रहालय आहे. स्वतःची गरज संपवून बंद पडणे हेच ज्या संस्थेचे यश, अशी ही संस्था होती.

परंतु जंतू सापडला म्हणजे औषध सापडले असे नव्हे. हान्सेन यांच्या शोधानंतर जवळजवळ सत्तर वर्षे या रोगावर खात्रीचा उपाय नव्हता. आपल्याकडील सुश्रुतसंहितेत तुवरक नावाच्या वृक्षाच्या तेलाचा उपयोग सांगितला आहे. त्याच जातीच्या तेलाची इंजेक्शने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर दिली जात. त्यांनी वेदना पुष्कळ होत आणि गुण बेताचाच येई. या मधल्या अंधाऱ्या काळातच आपल्या छत्तीसगडातील कुष्ठगृहांचा जन्म झाला.

दुष्काळातून उभी राहिलेली गृहे

इ. स. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन महाभयंकर दुष्काळांनी मध्य प्रांत उजाड केला. छत्तीसगडात माणसे अन्नाच्या शोधात गावे सोडून निघाली. घरच्यांनी टाकलेले कुष्ठरोगी या गर्दीत सर्वांत शेवटी होते. अशा वेळी परदेशी मिशनऱ्यांनी या भागात कुष्ठगृहे काढली. आज रायपूर-बिलासपूर रस्त्यावर बैतलपूरजवळ जे चांदखुरीचे कुष्ठरुग्णालय आहे, त्याचा आरंभ इ. स. १८९७ मधला. चांपा येथे अमेरिकेतून आलेले मेनोनाइट पंथाचे मिशनरी पी. ए. पेनर यांनी इ. स. १९०२ मध्ये दुसरे कुष्ठगृह सुरू केले. धमतरीलाही याच सुमारास असे काम उभे राहिले. कँटरबरीच्या टेकडीवरील ती जुनी कल्पना आठशे वर्षांचा प्रवास करून महानदी आणि हसदेव यांच्या खोऱ्यात येऊन पोचली होती.

त्याच काळात सरकारची दृष्टी काय होती हे इ. स. १८९८ च्या कायद्यावरून कळते. भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पोलिसांनी वॉरंटाशिवाय पकडावे आणि कुष्ठगृहात डांबावे, अशी तरतूद त्यात होती. कायदा लागू झालेल्या क्षेत्रात कुष्ठरोग्याला सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्यास आणि सार्वजनिक वाहनात बसण्यास मनाई करता येई. मिशनऱ्यांच्या घरात करुणा होती आणि कायद्याच्या पुस्तकात भय होते. रोग्याच्या वाट्याला दोन्ही आले. हा कायदा आपल्या संसदेने पूर्णपणे रद्द केला तो इ. स. २०१६ मध्ये, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल.

विदर्भातील प्रयत्न

कुष्ठसेवा म्हणजे परदेशी मिशनऱ्यांचे काम, ही समजूत मोडण्याचे श्रेय मोठ्या अंशी विदर्भाला आहे. विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी इ. स. १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. संस्कृतचे व्यासंगी विद्वान परचुरेशास्त्री यांना हा रोग झाला, तेव्हा गांधीजींनी त्यांना सेवाग्रामच्या आश्रमात ठेवून घेतले आणि त्यांच्या जखमा स्वतःच्या हाताने धुतल्या. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी इ. स. १९४६ मध्ये अमरावतीला तपोवनाची स्थापना केली. इ. स. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन उभे राहिले. आनंदवनाने एक नवा विचार दिला. रोग्याला दान नको, काम हवे. बोटे झडलेला हातही जमीन कसू शकतो, विणू शकतो, घर बांधू शकतो, हे तेथे प्रत्यक्ष दिसले.

याच सुमारास वैद्यकशास्त्रानेही मोठी मजल मारली होती. इ. स. १९४१ पासून सल्फोन जातीच्या औषधांचा गुण दिसू लागला आणि पाचव्या दशकाच्या अखेरीस डॅप्सोनच्या गोळ्या मिळू लागल्या. गोळी स्वस्त होती, तोंडाने घेता येत होती. कुष्ठगृहाची भिंत प्रथमच अनावश्यक ठरू लागली. तरीही ही सारी माणसे, दिवाण काय, पटवर्धन काय, आमटे काय, सेवा करण्यास आलेली होती. ज्याच्या अंगावर तो रोग आहे त्यानेच उठून संस्था काढावी, ही घटना छत्तीसगडात घडायची होती.

सदाशिवराव कात्रे

मराठी माणसाचा छत्तीसगडशी संबंध जुना आहे. नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर इ. स. १७४१ मध्ये फौज घेऊन रतनपूरवर चालून आले. पुढे इ. स. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी तेथून राज्य केले. इ. स. १९०० मध्ये माधवराव सप्रे यांनी पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढून या प्रदेशात पत्रकारितेचा पाया घातला. इ. स. १९५५ नंतर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला आणि नागपूर-विदर्भाकडील कितीतरी कुटुंबे येथे आली. आपण त्यांचेच वारस. कोणी तलवार घेऊन आला, कोणी लेखणी घेऊन, कोणी नेमणुकीचे पत्र खिशात घेऊन. सदाशिव गोविंद कात्रे आले ते रोगी म्हणून.

त्यांचा जन्म इ. स. १९०९ मध्ये गुना जिल्ह्यातील आरोन येथे झाला. झाशीला ते रेल्वेच्या नोकरीत होते. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबातील मनुष्य, सरकारी नोकरी, ठरावीक पगार. आपल्यातील कोणाच्याही वडिलांचे वा आजोबांचे असावे तसेच हे जीवन होते. आणि मग त्यांना कुष्ठरोग झाला.

त्या काळी याचा अर्थ काय होता हे आजच्या पिढीला समजावून सांगावे लागेल. अंगावर एक बधिर चट्टा उमटे आणि त्याबरोबर माणसाचे नाते, नाव आणि ताट वेगळे होई. घरात लग्नाच्या मुली असल्या तर त्यांची लग्ने अडत. शेजार तुटे. माणूस स्वतःच घर सोडून जाई, म्हणजे निदान बाकीच्यांना जगता येईल. आपल्या भाषेत या रोगाला ‘महारोग’ म्हणत. तो शब्द उच्चारताना आवाज खाली येई, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना निराळे सांगायला नको.

कात्रे उपचारांसाठी बैतलपूरच्या मिशन रुग्णालयात आले. तेथे त्यांना औषध मिळाले आणि तेथेच त्यांनी आपल्यासारख्या शेकडोंचे जीवन जवळून पाहिले. रोग्याला आपल्या धर्मात व आपल्या समाजात राहूनच सेवा व सन्मान मिळावा, आणि त्याची जबाबदारी त्याच्या समाजाने उचलावी, हा विचार त्यांच्या मनात दृढ झाला. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी त्यांचा पूर्वीपासून संबंध होता. त्या परिचयाचा त्यांना पुढे आधार मिळाला. तथापि या कामाचे मूळ त्यांच्या स्वतःच्या देहावरील जखमेत होते, असेच म्हणावे लागेल. इ. स. १९६२ मध्ये चांपा येथे त्यांनी भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. चांपाजवळच्या सोंठी गावाच्या परिसरात वसाहत उभी राहिली. तिलाच आज कात्रेनगर म्हणतात.

राहेरेची कथा येथे आठवल्यावाचून राहत नाही. दोघेही परमुलखात आजारी पडले आणि दोघांनीही आजारातून संस्था निर्माण केली. पण दोघांत एक मोठे अंतर आहे. राहेरे बरा झाला, राजदरबारी ओळख असलेला तो मनुष्य राजाकडून जमीन मिळवू शकला, आणि मठाचा अधिपती झाला. कात्रे यांच्याजवळ दरबारही नव्हता आणि राजाही नव्हता. ज्या माणसाला पाहून लोक दार लावून घेत, त्याने त्याच दारांवर जाऊन इतरांसाठी मागायचे होते. कुष्ठरोग्याने भीक मागणे ही या देशात नवलाची गोष्ट नव्हती. नवल हे की, या मागण्यातून एक घर उभे राहिले आणि त्या घरात मागणे थांबले. ज्या घराचा धनीच रुग्ण, त्या घरात रुग्ण हा पाहुणा किंवा आश्रित कसा राहील?

दुसरे हात

संस्थेची खरी परीक्षा संस्थापकाच्या मृत्यूनंतर होते. कात्रे इ. स. १९७७ मध्ये निवर्तले. तोवर दुसरे हात तेथे येऊन पोचले होते, हे सोंठीचे भाग्य.

दामोदर गणेश बापट हे अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे. जन्म इ. स. १९३५ चा, शिक्षण नागपूरला. जशपूरच्या वनवासी कल्याण आश्रमात ते शिक्षक म्हणून आले आणि तेथून विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात सोंठीला कात्रे यांच्याकडे. त्यांना हा रोग नव्हता. नागपुरात एखादी नोकरी करून, सायंकाळी वाचनालयात बसून, आपले आयुष्य सुखाने काढण्यास त्यांना कोणाचीच आडकाठी नव्हती. ते आले आणि आयुष्यभर राहिले.

त्यांच्या काळात सोंठीच्या वसाहतीला आज दिसणारे रूप आले. रुग्णालय तर होतेच. त्याबरोबर शेती, गोशाळा, दोरखंड व विणकाम, शाळांसाठी खडू तयार करण्याचा उद्योग अशी कामे उभी राहिली. रुग्णांच्या मुलांसाठी शाळा व वसतिगृह निघाले. यातील शाळेचे महत्त्व थोडे थांबून ध्यानात घ्यावे. रोगी बरा होतो, पण त्याच्या मुलाला वर्गात शेजारी कोणी बसू देत नाही, तोवर तो रोग पुढच्या पिढीत चालूच राहतो, जंतू नसतानाही. सोंठीच्या शाळेने हे संक्रमण तोडले.

बापट यांना इ. स. २०१८ मध्ये पद्मश्री किताब मिळाला. इ. स. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात बिलासपूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह तेथील वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला. जे शरीर आयुष्यभर रुग्णांसाठी झिजले ते मरणानंतरही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडले. समाधी नको, स्मारक नको, असे हे जाणे होते.

घर रिकामे होण्याची वाट

इ. स. १९८१-८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने या रोगावर एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत स्वीकारली. रुग्णाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा एक वर्ष गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून दुसऱ्याला संसर्ग होण्याचे भय उरत नाही. त्याला घराबाहेर काढण्याचे वैद्यकीय कारण आज कोणतेही नाही. इ. स. २००५ च्या अखेरीस भारताने दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे राष्ट्रीय उद्दिष्ट गाठले.

मग आता हा इतिहास संपला का? दुर्दैवाने नाही. जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आढळतात. दरवर्षी ही संख्या लाखाच्या आसपास असते. आणि देशाने उद्दिष्ट गाठल्यावरही जी थोडी राज्ये अनेक वर्षे मागे राहिली, त्यांत आपले छत्तीसगड होते. इ. स. २०१९ पर्यंत जोडीदाराचा कुष्ठरोग हे आपल्या विवाहकायद्यांत घटस्फोटाचे एक कारण होते; त्या वर्षी संसदेने ते काढून टाकले. औषध येऊन पन्नासाहून अधिक वर्षे झाली होती, तरी कायद्याच्या पुस्तकात भय तसेच बसून होते. मग माणसांच्या मनाची गोष्ट काय सांगावी?

बर्गेनचे कुष्ठगृह संग्रहालय झाले, हार्बलडाउन वृद्धांचे निवासस्थान झाले. सोंठीची वसाहतही एक दिवस रुग्णांवाचून रिकामी व्हावी आणि तेथे केवळ शाळेतील मुलांचा किलबिलाट उरावा, हीच कात्रे व बापट यांची इच्छा असणार. तो दिवस लवकर येणे हे काही अंशी आपल्याही हाती आहे. त्वचेवरील फिकट वा तांबूस चट्टा, ज्यावर स्पर्श कळत नाही, तो दिसताच न लपवता दाखवावा. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईच्या हातावर तो दिसला, तर तिला कामावरून काढून न टाकता आरोग्य केंद्रात घेऊन जावे. एवढ्या साध्या गोष्टीने एक हात वाकडा होण्यापासून वाचतो आणि एक घर मोडण्यापासून वाचते.

आरंभीच्या प्रश्नाकडे वळून हा लेख पुरा करतो. संस्था टिकते ती कशाच्या बळावर? लॅनफ्रँकच्या झोपड्या कुजून गेल्या, राहेरेचा मठ राजाने मोडला, कात्रे यांचा देह रोगाने पोखरला होता. टिकले ते काम, कारण ते उचलायला प्रत्येक वेळी दुसरे कोणीतरी पुढे आले. आपण सारे पोटापाण्यासाठी घरापासून दूर आलेली माणसे. परमुलखात आपण आपली भाषा जपली, सण जपले, हे योग्यच झाले. पण ज्या भूमीने आपल्याला पोसले तिला आपण काय दिले, असे पुढच्या पिढीने विचारले तर दाखवायला आपल्याजवळ पोलादाच्या भट्ट्या आहेत, आणि हसदेवच्या खोऱ्यातील ते एक घरही आहे. भट्टीत आपला घाम आहे. त्या घरात आपला वाटा किती, याचा विचार या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येकाने आपल्याशीच करावा. येत्या ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, देशभर कुष्ठरोग निवारण दिन पाळला जाईल. त्या सुमारास आपल्यातील काही कुटुंबांनी दुर्गहून चांपाची गाडी धरावी, मुलांना बरोबर न्यावे आणि कात्रेनगर पाहून यावे, अशी विनंती करून वाचकांची रजा घेतो.